पोळी बाधते, पण त्यातलं नेमकं काय? गहू की ग्लुटेन हे ठरवण्याची वाट

पोळी खाल्ली की पोट फुगतं, दुपारी ऑफिसात बसवत नाही, संध्याकाळपर्यंत ढेकर आणि जडपणा. भात किंवा भाकरी खाल्ली की यातलं काही होत नाही. एवढं सांगितलं की हल्ली समोरचा लगेच निदान करून मोकळा होतो: ‘तुला ग्लुटेन चालत नाही, सोडून दे.’ मलाही नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि जिममधल्या ट्रेनरने हेच सांगितलं होतं. सगळ्या तपासण्या झाल्यावर निघालं ते वेगळंच. ग्लुटेनचा मला काही त्रास नाही, गव्हातल्या फ्रुक्टन नावाच्या कर्बोदकाचा आहे. आज मी दीड पोळी निवांत खाते. माझ्या मावसबहिणीला पोटाचा त्रास जवळजवळ नव्हताच, नुसतं हिमोग्लोबिन वर येत नव्हतं. तिला सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार निघाला आणि तिच्या ताटातून गहू जन्मभरासाठी गेला, अगदी हिंगातला सुद्धा.

त्रास कमी की जास्त यावरून काहीच ठरत नाही, हे आम्ही दोघींनी आपापल्या परीने पाहिलं. ठरतं ते तपासण्यांवरून, आणि तपासण्या कोणत्या क्रमाने होतात यावरून. बहुतेकांचा क्रमच चुकतो, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. औषधोपचार तुमच्या पोटविकारतज्ज्ञांनी ठरवायचे. त्यांच्यासमोर बसण्याआधी आणि नंतर तुम्ही काय करायचं, एवढंच इथे आहे.

१. आधी चार शक्यता वेगळ्या करून घ्या

गव्हाच्या पिठात साधारण १० ते १२ टक्के प्रथिनं असतात आणि त्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग ग्लुटेनचा असतो. कणीक मळल्यावर जो ताण येतो तो त्याचाच. जव आणि राय या धान्यांतही ग्लुटेनच्याच कुळातली प्रथिनं आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा यांत ती नाहीत. पण गव्हात ग्लुटेनशिवायही बरंच काही आहे. पिठाच्या वजनाच्या जवळपास १ ते २ टक्के फ्रुक्टन असतं, शिवाय इतर काही प्रथिनं असतात ज्यांची अ‍ॅलर्जी येऊ शकते. म्हणून ‘गहू बाधतो’ या तक्रारीमागे निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात.

सिलिअ‍ॅक: ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्यातले बारीक उंचवटे सपाट होत जातात. जुलाब, वजन न वाढणं ही पुस्तकी लक्षणं. प्रत्यक्षात लोह न वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मुलांची उंची खुंटणं, वारंवार गर्भपात, तोंड येणं, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड, यांतलं एखादंच लक्षण दिसू शकतं. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असलेल्यांत तो जास्त आढळतो.

गव्हाची अ‍ॅलर्जी: ही शेंगदाण्याच्या किंवा कोळंबीच्या अ‍ॅलर्जीसारखी. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, धाप लागते. मोठ्या माणसांत कमी, लहान मुलांत जास्त, आणि पुष्कळ मुलांची मोठेपणी जाते.

सिलिअ‍ॅक नसलेली ग्लुटेन संवेदनशीलता: वरची दोन्ही निदानं नाहीत, आतडं ठीक आहे, तरी ग्लुटेनने त्रास होतो. हिच्यासाठी कोणतीही रक्ततपासणी नाही. बाकी सगळं वगळून आणि खाण्याचा प्रयोग करूनच इथे पोचता येतं.

फ्रुक्टनचा त्रास: फ्रुक्टन माणसाला पचतच नाही, कोणालाच नाही. ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. ज्यांचं आतडं हळवं असतं, म्हणजे बहुतेक वेळा ज्यांना आयबीएस (तपासण्यांत काही न निघताही पोट वरचेवर बिघडण्याचा विकार) आहे, त्यांना त्या गॅसने कळा येतात, पोट तटतटून फुगतं. लोक ज्याला ‘गहू बाधणं’ म्हणतात त्यात याचा वाटा मोठा आहे, आणि चौघांत हाच सगळ्यात निरुपद्रवी.

ब्रेडचा आणि आतड्याच्या आजाराचा संबंध कळायला युद्ध यावं लागलं होतं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या अन्नटंचाईत पाहिलं की ब्रेड मिळेनासा झाल्यावर त्यांचे सिलिअ‍ॅकचे बालरुग्ण सुधारले आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडले. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. तोवर या मुलांना केळ्यांवर ठेवत.

‘हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, आपल्याकडे नसतो’ असं तुम्हाला कोणी सांगेल. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत सिलिअ‍ॅकच्या प्रतिपिंडांचं (प्रतिकारशक्तीने रक्तात सोडलेल्या प्रथिनांचं, म्हणजे अँटिबॉडीजचं) प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. पश्चिम भारत त्या पाहणीत नव्हता. आपण अर्धे पोळीवाले, अर्धे भाकरी-भातवाले. तेव्हा उत्तरेचा आकडा जसाच्या तसा लावू नका, पण दक्षिणेचा धरून निर्धास्तही राहू नका.

२. पोळी सोडू नका, निदान अजून तरी

या लेखातलं एकच कलम वाचायचं असेल तर हे वाचा. सिलिअ‍ॅकच्या रक्ततपासण्या आणि बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं) या दोन्ही तुम्ही ग्लुटेन खात असलात तरच खरं सांगतात. गहू सोडून काही महिने झाले की प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. मग तुम्ही ना इकडचे ना तिकडचे. त्रास का होतो ते कळत नाही, आणि पोळी परत सुरू करायची भीती बसलेली असते.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेची सूचना अशी की तपासणीआधी किमान ६ आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन असावं. रोज सुमारे ३ ग्रॅम ग्लुटेन पोटात जावं असंही काही मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ३० ग्रॅम कणकेच्या एका मध्यम पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक पोळी पुरते. डब्यात चार पोळ्या कोंबायची गरज नाही.

आधीच सोडली असेल तर? डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते पुन्हा काही आठवडे गहू सुरू करायला सांगतील, किंवा आधी जनुकीय तपासणी करू म्हणतील (ती पुढे येते). एक अपवाद लक्षात ठेवा. गहू खाऊन कधी ओठ सुजले असतील, श्वास अडकला असेल, चक्कर येऊन पडला असाल, तर घरी काहीही ‘परत खाऊन बघू’ करायचं नाही. थेट कलम ६ कडे जा.

३. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

पोटविकारतज्ज्ञ म्हणजे गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट. त्यांच्या ओपीडीत तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतील, तेव्हा फाइल तयार असू द्या.

– जुने सगळे रक्ताचे रिपोर्ट: सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, टीएसएच, लिव्हर फंक्शन. एका वर्षाचे नकोत, सापडतील तितक्या वर्षांचे. हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वर येत नसेल तर ते असंच दिसतं.
– चालू औषधांची यादी, रक्तदाबाच्या गोळ्यांसकट. ओल्मेसार्टन या गोळीने काहींच्या आतड्यात सिलिअ‍ॅकसारखाच बदल होतो. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर तेही लिहा, त्याने रिपोर्ट फसवू शकतो.
– घरचा इतिहास. आई-वडील, भावंडं, मुलं यांत सिलिअ‍ॅक, टाइप १ मधुमेह, थायरॉइड कोणाला आहे का.
– आधी एंडोस्कोपी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, आणि बायोप्सी झाली असेल तर स्लाइड व ब्लॉक, म्हणजे त्या तुकड्यांचे जपून ठेवलेले नमुने. लॅबकडे मागितल्यावर मिळतात. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.
– दोन-तीन आठवड्यांची खाण्याची वही.

वहीबद्दल थोडं. ‘जेवण: पोळी-भाजी, त्रास: गॅस’ अशी नोंद निरुपयोगी आहे. भाजी कोणती, फोडणीत लसूण होता का, बरोबर कांदा होता का, दूध किंवा ताक होतं का, किती पोळ्या, किती वाजता, त्रास किती वेळाने आणि किती वेळ. मला पुढे जे सापडलं ते या ‘बरोबर काय होतं’ च्या रकान्यात सापडलं. फोनमध्ये नोंदी ठेवत असाल तर प्रिंट काढून न्या. डॉक्टर तुमच्या हातातला फोन वर-खाली सरकवत बसत नाहीत.

शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला त्रास, यांतलं काही असेल तर वही भरत बसू नका, आधी दाखवा. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजून आहे.

४. रक्ताची तपासणी: दोन नावं पाठ करा

पहिली टीटीजी-आयजीए. सिलिअ‍ॅकसाठी सगळीकडे पहिल्यांदा हीच करतात. दुसरी टोटल आयजीए. काही लोकांच्या रक्तात आयजीए हा प्रतिपिंडाचा प्रकारच फार कमी असतो, आणि त्यांची पहिली तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येते. म्हणून दोन्ही एकत्र. चिठ्ठीवर दुसरी नसेल तर विचारा. टोटल आयजीए कमी निघालं तर आयजीजी प्रकारच्या वेगळ्या तपासण्या आहेत, डॉक्टर त्या लिहून देतील. उपाशीपोटी जावं लागत नाही.

आकडा किंचित वर असणं आणि सामान्य मर्यादेच्या दहापट असणं यांत फरक आहे. लहान मुलांत दहापट किंवा त्याहून जास्त टीटीजी आणि वेगळ्या नमुन्यात ईएमए ही याच आजाराच्या प्रतिपिंडांची दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह असेल, तर युरोपातले बालपोटविकारतज्ज्ञ २०२० च्या नियमांनुसार बायोप्सीशिवाय निदान करतात. मोठ्यांत बहुधा बायोप्सी होतेच.

जनुकीय तपासणीचं नाव एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८. ही पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण निरोगी माणसांतही ही जनुकं सर्रास असतात. तिचा उपयोग उलट बाजूने होतो: दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळपास बाद. गहू आधीच सोडलेल्यांना ही फार सोयीची, कारण तिला तुम्ही काय खाता याच्याशी देणंघेणं नाही. महाग मात्र आहे, सरसकट करायची नाही.

आता सापळा. ‘दोनशे पदार्थांची फूड इन्टॉलरन्स टेस्ट’ अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. घरी येऊन रक्त नेतात आणि लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा देखणा तक्ता पाठवतात. त्यात आयजीजी प्रतिपिंडं मोजलेली असतात. ती तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात, बाधतो की नाही हे सांगत नाहीत. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी या कामासाठी करू नका असं सांगितलेलं आहे. माझ्या ओळखीच्या एका घरी त्या तक्त्यावरून गहू, दूध, अंडं, टोमॅटो आणि वेलदोडा बंद झाले होते. वेलदोडा! त्या पैशात टीटीजी, टोटल आयजीए, फेरिटिन आणि बी-१२ होऊन वर चहा होतो.

५. एंडोस्कोपी

टीटीजी पॉझिटिव्ह आली, किंवा निगेटिव्ह असूनही डॉक्टरांचा संशय दाट असला, की तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेतात. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं. घशावर बधिर करणारा फवारा किंवा हलकी गुंगी देतात, काम काही मिनिटांचं असतं. गुंगी घेतली तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कोणी असू द्या.

विचारायची गोष्ट एकच: ‘तुकडे किती घेणार?’ आतड्यातला बदल सगळीकडे सारखा नसतो, ठिगळाठिगळाने असतो. म्हणून किमान चार तुकडे ड्युओडिनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या हिश्श्याच्या) पुढच्या भागातून आणि एक-दोन त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून घ्यावेत असा संकेत आहे. रिपोर्टवर ‘मार्श’ अशी श्रेणी लिहिलेली असते. मार्श ३ म्हणजे उंचवटे झिजलेले. पण हाच बदल जिआर्डिया (आतड्यातला एक परजीवी), ट्रॉपिकल स्प्रू (अन्नरस नीट न शोषला जाण्याचा एक आजार) आणि इतर काही आजारांतही दिसतो, म्हणून नुसत्या बायोप्सीवरून गहू बंद करायचा नाही. रक्त आणि बायोप्सी दोन्ही जुळायला हवं.

६. अ‍ॅलर्जीची तपासणी

खाल्ल्यावर दोन तासांच्या आत पित्त उठणं, सूज, शिंका, धाप असं काही होत असेल तरच इकडे वळा. नुसतं पोट फुगतं म्हणून ही करू नका. दोन मार्ग आहेत: हातावर थेंब टाकून टोचण्याची स्किन प्रिक टेस्ट, आणि रक्तातलं गव्हासाठीचं आयजीई हे प्रतिपिंड मोजणं. प्रिक टेस्टच्या आधी सर्दी-खाजेच्या गोळ्या, म्हणजे सेट्रिझिनसारखी अँटिहिस्टामाइन, काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस ते तपासणी करणाऱ्यांना विचारा. रक्ताच्या तपासणीला ती अडचण नाही.

एक विचित्र प्रकार माहीत असू द्या. काहींना पोळी खाऊन काहीच होत नाही आणि व्यायाम करूनही काही होत नाही, पण पोळी खाऊन पुढच्या काही तासांत पळापळ केली की अंगभर पित्त उठतं, रक्तदाब कोसळतो. यामागे बहुधा ओमेगा-५ ग्लायाडिन हे गव्हातलं प्रथिन असतं, आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीनेही हे भडकतं. जेवून क्रिकेट खेळायला गेलेला मुलगा मैदानात कोसळला तर सगळे ‘ऊन लागलं’ म्हणतात. असं एकदा जरी झालं असेल तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना दाखवाच. जवळ बाळगायच्या अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनबद्दल ते सांगतील.

७. सगळं निगेटिव्ह आलं? आता घरचा प्रयोग

इथे डॉक्टर ‘आयबीएस आहे, ताण घेऊ नका’ म्हणून फाइल मिटतात आणि आपण बाहेर येऊन ग्लुटेन-फ्री बिस्किटं शोधू लागतो. थांबा. सिलिअ‍ॅक आणि अ‍ॅलर्जी बाद झालेली असल्यामुळे आता गहू बंद करून आणि परत खाऊन बघणं सुरक्षित आहे. फक्त ते पद्धतशीर करायला हवं. आहारतज्ज्ञ सोबत असतील तर उत्तमच.

आधी आपल्याकडची दोन फसवी निरीक्षणं बाजूला काढू.

‘उपवासाच्या दिवशी माझं पोट छान असतं, म्हणजे गहूच.’ चतुर्थीला गहू जातो हे खरं, पण त्याबरोबर कांदा, लसूण आणि डाळीही जातात. कांदा-लसणात फ्रुक्टन भरपूर असतं आणि हरभरा, तूर, राजमा यांत त्याच तऱ्हेचं गॅस करणारं दुसरं कर्बोदक. त्यामुळे उपवासाने गहू आणि कांदा-लसूण यांतला चोर वेगळा होत नाही. चातुर्मासाचा उपयोग मात्र होतो. ज्यांच्या घरी त्या चार महिन्यांत कांदा-लसूण वर्ज्य असतो पण पोळी चालूच असते, त्यांनी आठवून पाहावं. त्या दिवसांत पोळी खाऊनही बरं वाटत असेल तर बोट फ्रुक्टनकडे जातं.

‘गहू बाधतो, जवाची भाकरी खाऊन बघते.’ जवात ग्लुटेनच्या कुळातलं प्रथिनही आहे आणि फ्रुक्टनही, त्यामुळे त्रास झाला काय आणि नाही झाला काय, उत्तर मिळत नाही. खपलीचंही तसंच. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे, दुकानदार काहीही म्हणो.

आता प्रयोग.

पहिला टप्पा, साधारण चार आठवडे: गहू, जव, राय पूर्ण बंद. रवा, मैदा, शेवया, लापशी, पाव, बिस्किट सगळं. बाकी जेवण जसंच्या तसं, कांदा-लसूणसुद्धा चालू. एकदम दहा गोष्टी सोडल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही. वही चालू ठेवा. चार ते सहा आठवड्यांत काहीच फरक नाही? मग गव्हाला सोडा, तो गुन्हेगार नाही. दुधाकडे पाहा. मोठ्या माणसांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं आपल्याकडे फार सर्रास आहे, आणि पोळीबरोबर वाटीभर दूध खाणारे लोक आळ पोळीवर घेतात.

दुसरा टप्पा, फरक पडला तरच: आता ग्लुटेन एकटं परत आणायचं. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत किंवा ऑनलाइन व्हायटल व्हीट ग्लुटेन नावाची पावडर मिळते. कणीक धुऊन स्टार्च काढून टाकल्यावर उरतं ते हे, म्हणून त्यात फ्रुक्टन फार थोडं असतं. घरातल्या कोणाला तरी सांगा की एका आठवड्याच्या भाकऱ्यांच्या पिठात ही पावडर मिसळायची आणि दुसऱ्या आठवड्याच्या पिठात नाही. डब्यांवर ‘क’ आणि ‘ख’ लिहायचं, तुम्हाला सांगायचं नाही. इटलीतल्या सालेर्नो इथे जमलेल्या तज्ज्ञांनी २०१५ साली जे निकष मांडले त्यांत दिवसाला ८ ग्रॅम ग्लुटेन, एक आठवडा, मध्ये एक आठवडा विश्रांती, मग दुसरा नमुना असा क्रम आहे. पावडर साधारण १० ग्रॅम घेतली की तेवढं ग्लुटेन होतं. बाजरी किंवा तांदळाच्या पिठात चव फारशी लागत नाही, पण ग्लुटेनने भाकरी थापताना रबरासारखी ताणते, म्हणून थापणारं माणूस दुसरंच असावं.

झाकून करायचं ते कशासाठी, असं वाटेल. ऑस्लोमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वतःला ग्लुटेन बाधतं असं मानणारे ५९ लोक होते, कोणालाच सिलिअ‍ॅक नव्हता. त्यांना ग्लुटेन, फ्रुक्टन आणि काहीच नसलेल्या अशा तीन प्रकारच्या वड्या आळीपाळीने दिल्या. सगळ्यात जास्त त्रास ग्लुटेनच्या वडीने झालेले १३, फ्रुक्टनच्या वडीने २४, आणि काहीच नसलेल्या वडीने २२. ते बावीस जण खोटं बोलत नव्हते. पोट खरंच दुखतं, भीतीनेही दुखतं. ‘क’ आणि ‘ख’ दोन्हींनी त्रास झाला तर तुमच्याही बाबतीत तेच आहे असं समजा, आणि काही दिवसांनी पुन्हा करा.

तिसरा टप्पा, फ्रुक्टन: गहू बंदच ठेवून भात-भाकरीबरोबर मुद्दाम कांदा-लसूण वाढवा. एक दिवस अर्धा कच्चा कांदा, दुसऱ्या दिवशी लसणाची चटणी. याआधी कांदा-लसूण चालू असताना बरं वाटत होतं ते प्रमाण थोडं होतं म्हणून, हे लक्षात घ्या. गहू गेल्यावर एकूण फ्रुक्टन कमी झालं आणि तुम्ही मर्यादेच्या आत आलात. कांदा वाढवल्यावर तेच जुनं फुगणं परतलं तर उत्तर मिळालं.

चौथा, पोळीचा जिना: अर्धी पोळी तीन दिवस, मग एक, मग दीड, मग दोन. फ्रुक्टनवाल्यांचा त्रास प्रमाणावर चालतो, एका पायरीपर्यंत काही नाही आणि पुढे सुरू. आणखी एक खूण: रात्रभर आंबवलेल्या साअरडो पावात फ्रुक्टन बरंच कमी झालेलं असतं, ग्लुटेन मात्र शिल्लक असतं. साधा पाव बाधतो आणि साअरडो बाधत नाही, असं असेल तर ग्लुटेनवरचा आळ जवळपास गेलाच. (साअरडोच्या नावाखाली यीस्ट घालून दोन तासांत फुगवलेला पावही विकतात. बेकरीत विचारा.)

८. उत्तर मिळाल्यावर स्वयंपाकघर

फ्रुक्टन निघालं तर फार काही बदलायचं नाही. पोळ्या तुमच्या पायरीइतक्या, उरलेली भूक भाकरी-भाताने. ज्या दिवशी पुरणपोळी त्या दिवशी कांद्याची भजी नको. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग वापरा. लसूण तेलात परतून काढून टाकला तर स्वाद राहतो आणि फ्रुक्टन तेलात उतरत नाही. बाहेरच्या ताटात चुकून गहू आला तर बिघडतं ते फक्त त्या संध्याकाळचं.

नुसती गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर गहू बंद. जव आणि राय चालेल की नाही हे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ तपासून सांगतील, काहींना चालतं.

सिलिअ‍ॅक निघाला तर मात्र ‘थोडंसं चालतं’ हा शब्द विसरा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटालियन चाचणीत सिलिअ‍ॅकच्या रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिल्यावर आतड्यात बिघाड दिसला होता. ५० मिलिग्रॅम म्हणजे एका पोळीचा सुमारे पन्नासावा भाग. पोळपाटावरच्या पिठीएवढा. गहू जिथे आहे असं आपल्या ध्यानातच येत नाही अशा जागा पुढे दिल्या आहेत.

– हिंग. डबीतला बांधानी हिंग मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. तांदळाच्या पिठातला मिळतो, लेबल वाचा.
– मेतकूट. जुन्या कृतींत भाजलेले गहू असतातच.
– थालीपिठाची भाजणी. घराघराची वेगळी, बहुतेकींत मूठभर गहू. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण विचारा.
– सातूचं पीठ, कुरडया, गव्हाचा चीक. चिकातून ग्लुटेन बरंच निघतं, पूर्ण निघत नाही.
– सोया सॉस, माल्ट घातलेली दुधात मिसळायची पावडर, बिअर. माल्ट म्हणजे जव.
– ओट्स. मुळात वेगळं धान्य, पण गव्हाबरोबर वाहतूक आणि दळण झालेलं. ग्लुटेन-फ्री लिहिलेले घ्या, तेही आजार आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारून.

आणि गिरणी. ज्वारी निर्दोष आहे, पण कोपऱ्यावरच्या गिरणीत तुमच्या आधी कोणाचा तरी पाच किलो गहू दळला गेलेला असतो आणि त्याचं पीठ पाळ्यांत बसलेलं असतं. ‘आधी ज्वारीचंच दळण झालंय’ या आश्वासनावर मावसबहिणीचा टीटीजीचा आकडा वर्षभर खाली आला नाही. घरगुती आटाचक्की घेतली, तिच्यात गहू कधीच घातला नाही, तेव्हा उतरला. ज्यांना चक्की परवडत नाही त्यांनी ज्वारी धुऊन वाळवून मिक्सरमध्ये काढावी, किंवा पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापलेलं पीठ घ्यावं. एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार तसं छापायला ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. ‘मिलेट’ लिहिलेलं प्रत्येक पीठ किंवा बिस्किट ग्लुटेन-फ्री नसतं. नाचणीच्या बिस्किटाच्या पाकिटाची मागची बाजू वाचा, पहिला घटक पुष्कळदा मैदाच असतो.

तवा, पोळपाट-लाटणं, कणकेची परात आणि चाळणी वेगळी. लोखंडी तवा घासून चालेल असं वाटतं, पण नवा घेणं सोपं. लग्नाच्या पंगतीत एकच झारा पुरी आणि बटाटेवडा दोन्ही तळतो, तेव्हा घरून जेवून जा आणि यजमानांना आधी फोन करून सांगा, म्हणजे पानावर आग्रह होत नाही.

९. पुढच्या तारखा

सिलिअ‍ॅकवाल्यांनी साधारण सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने टीटीजी करायची. आकडा उतरत असेल तर पथ्य नीट चाललंय. लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व त्याच वेळी, आणि मोठ्यांनी हाडांच्या घनतेबद्दल विचारावं. आकडा उतरत नसेल तर आधी हिंग आणि गिरणी तपासा.

सख्ख्या नात्यातल्यांची टीटीजी करून घ्यायची आहे: आई-वडील, भावंडं, मुलं. त्यांच्यात हा आजार निघण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि पोट अगदी ठणठणीत असलं तरी असू शकतो. मावसबहिणीच्या भावाची पॉझिटिव्ह आली, तो तोवर रोज सहा पोळ्या जिरवत होता. घरात पथ्याचं म्हणून सगळ्यांनीच गहू बंद करण्याआधी ही तपासणी उरकून घ्या, नाहीतर त्यांनाही कलम २ पासून सुरुवात करावी लागेल. लहान मुलांची निगेटिव्ह आली तरी ती पुन्हा किती वर्षांनी करायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तोवर त्यांच्या डब्यात पोळी राहू द्या.